मोठ्या अक्षरांतलं आवतण

बारामती,
६ सप्टेंबर १९९९

मल्हारदादा,

नमस्कार घालावा की नाही, याचा इंदापूरला एसटीत बसल्यापासून विचार करत होते. सकाळी निघताना आई म्हणाली होती, "भांडायचं तर भांड, पर आधी नमस्कार घाल. त्यो थोरला हाय." तर घातला.

तू बंगळूरला मोठा कॉम्प्युटरवाला झालास, याचा आम्हाला अभिमान आहे. पण चुलतभावानं एवढंही मोठं होऊ नये, की देवाच्या आवतणाला 'येतो' किंवा 'येत नाही' एवढं लिहायला त्याची बोटं दुखावीत. गेल्या वर्षी मी तुला बिरोबाच्या यात्रेचं आवतण ई-मेलनं पाठवलं. उत्तर नाही. यंदा श्रावणापासून पाठवते आहे. तुला, दुबईच्या शंभूराजला, नाशिकच्या हिंदुरावला, वाडीतून बाहेर पडलेल्या प्रत्येक गड्याला. उत्तरं आली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या एकानं विचारलं, "आपण कोण?"

मी बारामतीत समाधान सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. गेल्या वर्षी मीच तात्यांपुढे छाती काढून सांगितलं, की पोरं खोल्या बदलतात, पत्रं परत येतात, पण ई-मेलचा पत्ता माणसाबरोबर फिरतो. आवतणाचं काम माझ्याकडे द्या. तात्यांनी दिलं. वाडीत आजवर हे काम कुठल्या पोरीकडे आलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी घरी पोचले की ते विचारतात, "आलं का कुणाचं काय?" आणि मला सख्ख्या बापाच्या नजरेला नजर देववत नाही.

मागच्या यात्रेला तू नव्हतास म्हणून सांगते. गजीच्या नाचाचा फेर धरायच्या आधी तात्यांनी नेहमीसारखी घराघरातल्या गड्यांची नावं पुकारली. एकेका नावाला कुणीतरी "हाय!" म्हणायचं, तर नुसती शांतता. जो आला नाही त्याची जागा फेरात मोकळी सोडायची आणि त्याच्या घरचा नाचाचा रुमाल ढोलाच्या दोरीला बांधायचा, ही आपली रीत. त्या दिवशी फेरात नाचणारे कमी आणि ढोलावर रुमाल जास्त झाले. तात्यांनी फेर पुरा केला, ढोल खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "फुडल्या साली बी असंच झालं, तर ह्यो ढोल देवळात टांगायचा. रिकाम्या जागंभवती कोण नाचतंय?"

ते बोलतात ते करतात, हे मी तुला सांगायला नको.

यात्रा मार्गशीर्षात आहे. यायचं नसेल तर तसं सरळ लिही. पण गप्प बसू नकोस, गप्प बसणं आपल्या घरात कुणाला शोभत नाही.

तुझी,
वैष्णवी


बंगळूर,
१४ सप्टेंबर १९९९

वैशे,

तुझं पत्र वाचून राग आला. मग डबा खाऊन पुन्हा वाचलं, तर जास्त राग आला.

मला एकही आवतण आलेलं नाही. ना गेल्या वर्षी, ना यंदा. आणि आवतण नाही तिथं जायचं नाही, हे मला माझ्या चुलत्यानंच, म्हणजे तुझ्या तात्यांनीच, शिकवलं. मी काय वाट पाहिली नसेल? गेल्या वर्षी यात्रेच्या आठवड्यात मी रोज ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर उघडून बसायचो. शेवटी मनाशी म्हटलं, तात्यांनी शब्द खरा केला.

कुठला शब्द, ते तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी मी रजा काढून रेल्वेतून थेट यात्रेत आलो आणि पॅन्टवरच फेरात उभा राहिलो. तात्यांनी ढोल थांबवला. अख्ख्या गावकीसमोर म्हणाले, "अंगरखा नसंल तर फुडल्या साली येऊ नगंस." आमचे आण्णा जिवंत असते तर भावाचं बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. मला ते जमलं नाही. पण मी बंगळूरला आल्यावर काय केलं असेल? अंगरखा शिवून घेतला! इथल्या शिंप्याला गजीचा घेर कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, "नवरा मुलगा कोण?" तेव्हापासून तो अंगरखा कपाटात घडी घालून ठेवलेला आहे आणि मी आवतणाची वाट बघतो आहे. आता तू मलाच विचारतेस की बोटं दुखतात का.

भांडण बाजूला ठेवून एक कामाचं विचारतो. मी कॉम्प्युटरचं खातो, त्यामुळे 'पाठवलं' म्हणजे 'पोचलं' असं मानत नाही. तू जे पाठवलंस ते जसंच्या तसं कागदावर उतरवून मला टपालानं पाठव. कुणाकुणाला एका वेळी पाठवलंस, किती वेळा पाठवलंस, तेही लिही. काही लपवू नकोस.

सारजा काकींना नमस्कार. तात्यांना काय सांगायचं ते तूच ठरव.

मल्हार


बारामती,
२१ सप्टेंबर १९९९

मल्हारदादा,

तुझं पत्र मी तात्यांना वाचून दाखवलं. पॅन्टचा भाग आला तेव्हा त्यांनी पानाचा डबा उगाच उघडला आणि बंद केला. म्हणाले, "आरं, मी पॅन्टीवर नाचू नगंस म्हणलो. घरला येऊ नगंस म्हणलो व्हय? ह्याला शिकवला कुणी?" थोड्या वेळानं मला हळूच विचारलं, "अंगरखा शिवलाय म्हणतोय न्हवं?" मी हो म्हटलं. "लांबी किती धरली आसंल?" आता हे त्यांनी जेवताना एकदा आणि झोपायला जाताना एकदा पुन्हा विचारलं.

आता आवतण. हे मी इंग्रजी लिपीत लिहिलं होतं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत होतं, असं समजून वाच:

'फ्री फूड! फ्री स्टे! कम नाऊ!!! बिरोबाच्या नावानं चांगभलं!!!!! सर्व मानकरी, गजीवाले व पाहुणे मंडळींना आग्रहाचे आवतण!!! यात्रेस सहकुटुंब यावे! यावे! यावेच!!!'

हसू नकोस. मोठी अक्षरं तात्यांनी सांगितली. मी त्यांना आधी साध्या अक्षरांतलं दाखवलं, तर म्हणाले, "पाव्हण्याला बारकी अक्षरं? लग्नपत्रिकंवर नाव बारकं छापलं तर सोयरा रुसतो, हे तुला ठावं न्हाय?" उद्गारचिन्हंही त्यांचीच, एक दिलं होतं, त्यांना ते एकटं एकटं वाटलं. वरची इंग्रजी ओळ मात्र माझी. जेवण आणि मुक्काम गावाकडून असतो, हे शहरातल्या माणसाला एका नजरेत कळावं म्हणून घातली, आणि घातली तेव्हा मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं.

पाठवलं सगळ्यांना एकदम. पत्ते यात्रेत आलेल्या पोरांकडून, त्यांच्या मित्रांकडून, मिळतील तिथून गोळा केले. काही जुने आहेत, तिकडून 'असा कुणी राहत नाही' अशा अर्थाचं काहीतरी परत येतं. मी तरी पाठवत राहते, न जाणो परत राहायला आला तर. आणि किती वेळा? दर सोमवारी. एकदाच सांगितलेलं आवतण मनापासूनचं नसतं, असं तात्यांचं म्हणणं.

लिहिता लिहिता मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. काय ते तू सांग. पण तात्यांचा अपमान न होता सांग.

वैष्णवी


बंगळूर,
२९ सप्टेंबर १९९९

वैशे, गुणाची बहीण माझी,

सापडलं!

माझ्या ई-मेलच्या पेटीला बाजूला एक दुसरा कप्पा आहे. जाहिरातवाल्यांचा उपद्रव वाढला म्हणून तो केलेला आहे. जे टपाल फालतू वाटेल ते यंत्र आपलं आपण त्यात टाकतं आणि काही दिवसांनी पुसूनही टाकतं. मी तो कप्पा कधी उघडला नव्हता. कचऱ्यात कोण बघतं? तुझं पत्र वाचलं आणि उघडला. तर तात्यांचं आवतण, यावे यावे यावेच, एक लॉटरी लागल्याची थाप आणि टकलावर केस उगवण्याचं औषध यांच्यामध्ये बसलेलं! खाली मागच्या सोमवारचं. त्याखाली त्याच्या मागचं. मी एवढा हसलो की शेजारच्या टेबलावरचा माणूस बघायला आला. मग त्याला ते काय आहे हे सांगताना हसू थांबलं. मला घरचं बोलावणं येत होतं, वैशे, आणि मी दोन वर्षं रुसून बसलो होतो.

आता समजून घे. हे यंत्र साखर कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनसारखं आहे. त्याला मराठी येत नाही, बिरोबा माहीत नाही. त्याला फक्त रंगढंग दिसतात. हा माणूस ओरडून बोलतोय, कारण सगळी अक्षरं मोठी. फुकट फुकट म्हणतोय. एकच गोष्ट गर्दीला एकदम सांगतोय, तीही दर सोमवारी. ज्यांच्या दारात जातोय त्यांतले निम्मे तिथं राहतच नाहीत. आणि मुख्य म्हणजे, याला आजवर फारशी कुणी ओ दिलेली नाही. वॉचमन म्हणतो, फेरीवाला दिसतो, बाहेर ठेव. त्याचं काही चुकत नाही. तात्यांनी मान द्यायला जे जे केलं, ते ते फेरीवालेही करतात, एवढंच.

तेव्हा अक्षरं साधी ठेव. ती इंग्रजी ओळ काढ, माझ्याकडून तुझ्या हुशारीला सलाम, पण काढ. मेलेले पत्ते पुसून टाक. कायम एकाच पत्त्यावरून पाठव. ज्याला नको असेल त्याचं नाव न रागावता कमी कर, नाहीतर तो वैतागून तुलाच फेरीवाला ठरवेल आणि त्याचा त्रास बाकीच्यांना होईल. आणि प्रत्येकाला आधी विचार, की आवतण पाठवू का? त्यानं एकदा उत्तर दिलं आणि तुझा पत्ता आपल्या वहीत लावून घेतला, की तू ओळखीची झालीस. मग वॉचमन सलाम ठोकतो.

तात्यांना हे कसं सांगायचं, ते तुझ्यावर सोडतो. माझी अजून हिंमत नाही.

मल्हार


बारामती,
११ ऑक्टोबर १९९९

मल्हारदादा,

सांगितलं, आणि घरात तीन दिवस अबोला झाला.

टकलाच्या औषधाचं मी गाळलं होतं, पण आईनं तुझं पत्र ऐकलं होतं, तिनं सांगून टाकलं. तात्या उठून गोठ्यात गेले. परत येऊन म्हणाले, "देवाच्या आवतणाला परवानगी मागायची? उद्या म्हणशील, बिरोबाला पास काढा." मी म्हटलं, तात्या, यंत्राला कळत नाही. ते म्हणाले, "मग ज्याला कळत न्हाय त्याच्या हाती आवतण दिलंस कशाला?" मी उठून आत गेले. रडले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, ढोल माझ्यामुळंच टांगला जाणार.

चौथ्या दिवशी एसटी काटेवाडीला थांबली होती. कुणाच्या तरी दारात एक माणूस उभा राहून घरातल्याला हाक मारत होता, आणि मला एकदम लहानपण आठवलं. तात्या आवतणाला निघाले की मी भंडाऱ्याची पिशवी धरून मागे असायचे. ते काय करायचे? दारात उभे राहायचे आणि घरधन्याला नावानं हाक मारायचे. आतून "व्हय, आलो" ऐकू येईपर्यंत हलायचे नाहीत. कुणी बाहेर आलं की घरचं काहीतरी विचारायचे, म्हैस व्याली का, पोराचा ताप उतरला का. मग कपाळाला भंडारा आणि शेवटी यात्रेचं. दादा, ही परवानगीच नव्हे का? आपण कुणाच्या दारात उभंच राहिलो नाही. वेशीवर उभं राहून सगळ्या गावाला एकदम ओरडलो आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसलो.

त्या संध्याकाळी मी तात्यांना म्हटलं, आवतण नंतर देऊ. आधी प्रत्येकाला नावानं हाक मारून एकच विचारू: तुझ्या घरचा रुमाल कुठल्या रंगाचा?

तात्यांनी पानाचा डबा पुढं ओढला. मग म्हणाले, "आन् त्याला आठवत नसंल तर?"

"तर आईला विचारेल."

"मग लिव्ह. अक्षरं बारकी तर बारकी. पर नाव पुरं घाल, बापाचं धरून."

आणि काल ते स्वतः बारामतीला आले! फेटा बांधून, खांद्यावर घोंगडी. समाधान सरांनी त्यांना आपली खुर्ची दिली, चहा मागवला. माझे विद्यार्थी शिकायचं सोडून बघत उभे. तात्या एकेक नाव सांगत होते, मी एकेकाला वेगळं लिहीत होते. 'हिंदुराव रामहरी, तुझ्या घरचा रुमाल कुठल्या रंगाचा? बिरू तात्या.' बस, एवढंच. प्रत्येक वेळी विचारायचे, "ग्येलं?" मी म्हणायचे, गेलं. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला आणि कॉम्प्युटरच्या कपाळाला, म्हणजे काचेच्या वरच्या पट्टीला, लावला. मी सरांकडे बघितलं. सर हसले. आज सकाळी झाडणाऱ्या बाईंनी फडकं उचललं तर सर म्हणाले, "तेवढं राहू द्या."

तुझं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी सांगितलं. का ते मी विचारलं नाही.

वैष्णवी


बंगळूर,
२० ऑक्टोबर १९९९

वैशे,

ते वरच होतं. कचऱ्याच्या कप्प्यात नव्हे, माझ्या पेटीत, सगळ्यांत वर. 'मल्हार दादासाहेब, तुझ्या घरचा रुमाल कुठल्या रंगाचा?' आण्णांचं नाव माझ्या नावापुढं मी किती दिवसांनी वाचलं!

उत्तर मी लगेच पाठवलं, तुला मिळालंच असेल. जांभळा. डाव्या कोपऱ्याला बिडीनं जळाल्याचं भोक. आण्णा नाचताना बिडी कानावर ठेवायचे आणि विझवायला विसरायचे.

तुला शाबासकी देऊ का? नको, शाबासकी थोरला धाकट्याला देतो आणि या बाबतीत तू थोरली ठरलीस. मी यंत्राचे नियम सांगितले. त्या नियमांतून आवतण कसं द्यायचं, हे तू काढलंस. इथं आमच्या कंपनीत ग्राहकांना पत्रं पाठवणारा एक स्वतंत्र विभाग आहे, शिकले-सवरलेले लोक आहेत, तेही गर्दीला एकदम ओरडतात. त्यांना तुझी गोष्ट सांगितली. माझी बहीण, बारामतीला असते, असं सांगताना मी जरा जास्तच ताठ बसलो असेन.

शंभूराजचा दुबईहून फोन आला होता. म्हणाला, "तात्यानं मला नावानं विचारलं रे!" त्याला मी त्याचा कचऱ्याचा कप्पा उघडायला लावला. त्याच्याकडेही सोमवारची आवतणं तिथंच निघाली. आता तो तिकडच्या आपल्या पोरांना तोच उद्योग लावतोय.

यात्रेचं बघू. माझं येणं धरूनच चाला. इथं सध्या दोन हजार सालाच्या कामाची गडबड आहे, पण होईल काहीतरी.

मल्हार


बारामती,
१४ नोव्हेंबर १९९९

मल्हारदादा,

दिवाळीचा फराळ एका पाहुण्याबरोबर पाठवला आहे. चकल्या मोडल्या असतील तर पाहुण्याला बोल लावायचा, आईला नाही.

रुमालांची काय गंमत झाली ते ऐक. निम्म्यांना रंग आठवला. उरलेल्यांनी घरी फोन लावले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, यात्रेनंतर पेटीत पडलेले रुमाल वाडीत दोऱ्यांवर वाळत पडले, आयांनी धुवून काढले! हिंदुरावनं लिहिलं पिवळा. त्याच्या आईनं, द्वारकाबाईंनी, आमच्या दारात येऊन तात्यांना सांगितलं, "पिवळा न्हाय, गुलाबी. धुवून धुवून पिवळा झालाय." एकानं लिहिलं, 'मला नको, पुन्हा विचारू नका.' मी त्याचं नाव यादीतून आणि तात्यांनी पुकाऱ्यातून कमी केलं. तात्यांना वाईट वाटलं, पण म्हणाले, "त्यानं दार तरी उघडलं." मग ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं त्यांना आवतण गेलं, साध्या अक्षरांत, एकदाच. येतो, येतो, येतो! क्लासमध्ये मी एकेक वाचते आणि सरांना कळतं, कारण मी खुर्चीत धड बसत नाही.

बारामतीचा एक बियाणंवाला आला होता. म्हणाला, तुमच्याकडे एवढी माणसं उत्तर देतात, तर खाली माझ्या दुकानाच्या चार ओळी घाला. तात्या तिथंच होते. म्हणाले, "आमच्या आवतणाच्या मागनं तुमची गाडी न्हाय चालायची." तू सांगितलेलं सगळं त्यांना पटलंय, पण ते तुझं आहे हे कबूल करत नाहीत. वाडीत ते आता लोकांना समजावून सांगतात, की मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, अडाण्यासारखं करू नये!

तुझा रुमाल आईनं धुवून ठेवला आहे. भोकाला रफू करू का विचारलं, तर तात्या तिच्या अंगावर ओरडले.

तू मात्र एक गाळलंस. सगळ्यांनी दिवस लिहिला, गाडी लिहिली. तू 'बघू' लिहिलंस. रजा मिळाली का?

वैष्णवी


बंगळूर,
२७ नोव्हेंबर १९९९

वैशे,

रजा मिळाली नाही. ती मिळणार नाही, हे मला मागचं पत्र लिहितानाच माहीत होतं. वर्षाचे शेवटचे दोन आकडे शून्य झाल्यावर जुनी यंत्रं गोंधळतील म्हणून दुरुस्ती चालू आहे, आणि नवं वर्ष उजाडेपर्यंत आमच्यातल्या कुणालाही गाव सोडायचं नाही. मी साहेबांकडे दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी अंगरखा घेऊन गेलो होतो. ते चांगले आहेत, त्यांनी तो हातात घेऊन बघितला, पण नाही म्हणाले. एका बँकेचं काम माझ्या गळ्यात आहे. मी निघून गेलो तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं नुकसान होईल.

तुला सांगितलं नाही, कारण तात्यांनी माझं नाव शेवटी घेतलं हे तू लिहिलंस, आणि मला नाही म्हणता येईना.

रुमाल ढोलाला बांधा. गेल्या वर्षी आवतण नाही म्हणून आलो नाही. यंदा आवतण आहे आणि मी नाही. तात्यांना पायांवर डोकं ठेवून सांग, की यंदा रुसलेलो नाही.

मल्हार


वाडी, इंदापूर,
१६ डिसेंबर १९९९

मल्हारदादा,

पाय अजून दुखतायत, घरात पंगतीची पातेली पडलीयत, आणि मी आधी तुला लिहायला बसले आहे.

आले. दादा, सगळे आले! शंभूराज दुबईहून थेट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि अंगात अंगरखा. नाशिकहून हिंदुराव, पुण्याहून दोन जीप भरून. इंदापूरच्या स्टँडवर एसटीतून फेटेवाले उतरताना बघून चहावाल्यानं विचारलं, लग्न कुणाचं? समाधान सर बारामतीहून घरच्यांना घेऊन आले. त्यांना आईनं पहिल्या पंगतीला बसवलं.

देवळापुढे माणसं उभी राहिली तेव्हा फेर मैदानात मावेना. शाळेचं कुंपण एका बाजूनं उपटावं लागलं. तात्या ढोल गळ्यात घालून मधोमध उभे. ढोलाच्या दोरीला एकच रुमाल. जांभळा.

मग त्यांनी नावं पुकारायला सुरुवात केली. "हिंदुराव रामहरी!" "हाय!" "शंभूराज!" "हाय!" प्रत्येक हाकेला उत्तर येत होतं आणि प्रत्येक उत्तराला तात्यांची मान वर जात होती. मी बायकांच्यात आईजवळ उभी होते. तुझं नाव शेवटी येणार हे मला माहीत होतं, आणि त्यानंतरची शांतता ऐकायला नको म्हणून मी खाली बघत होते.

"मल्हार दादासाहेब!"

आणि अख्खा फेर एका आवाजात ओरडला, "हाय!"

कुणी ठरवलं नव्हतं. मी सगळ्यांना विचारलं. शंभूराज म्हणतो, "त्याच्यामुळं माझं आवतण कचऱ्यातनं निघालं, मग त्याच्या नावाला मी गप कसा बसू?" प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच ओरडलो. देवळातली कबुतरं उडाली. तात्यांनी ढोल वाजवायचं टिपरू वर उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. त्यांचे डोळे मी आण्णा गेले तेव्हासुद्धा असे बघितले नव्हते. मग जो ढोल वाजला, तो सांगवीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. सांगवी किती लांब ते तुला माहीत आहे, पण मी वाद घातला नाही. तुझी जागा मोकळी ठेवली होती आणि फेर तिला वळसा न घालता, जणू तू आहेसच असं धरून, तेवढं अंतर राखून फिरत होता.

आता तात्या सांगतायत ते जसंच्या तसं लिहिते:

"मल्हारा, ढोल टांगला न्हाय. बँकंचं काम नीट कर, त्ये बी कुणाच्या तरी घरचंच हाय. आमची पोरगी सगळ्या तालुक्याला आवतण कसं धाडायचं त्ये सांगाय लागली तरी आमी अडवनार न्हाय, आमचीच हाय ती. ह्या पाकिटात भंडारा घातलाय, त्यो लाव. आन् फुडल्या सालचं आवतण आत्ताच देतो, पयलं तुलाच. अंगरख्याची लांबी कळव."

'आमची पोरगी' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पण मी सगळं ऐकलं. पुढच्या वर्षीही आवतणाचं काम माझ्याकडेच आहे.

वैष्णवी


बंगळूर,
२७ डिसेंबर १९९९

वैशे,

पाकीट ऑफिसात फोडलं आणि भंडारा टेबलभर झाला. कागदांवर, कळफलकावर, बँकेच्या फायलीवर. साहेब आले, म्हणाले, हे काय? मी म्हटलं, घरचं आवतण आहे. त्यांनी कपाळ पुढं केलं. मग शेजारचा आला. आज आमच्या खोलीत सगळे पिवळ्या कपाळानं दोन हजार सालाची वाट बघतायत.

तुझं पत्र मी त्यांना इंग्रजीत करून वाचून दाखवत होतो. मग तात्यांची हाक आली. मी पत्र खाली ठेवलं, उठून उभा राहिलो आणि "हाय!" म्हटलं. जोरात. उशिरा पोचलं असेल, पण पोचलं असणार.

लांबी घोट्यापर्यंत, म्हणावं. आणि तात्यांना माझ्या वतीनं सांग, की नियम बाकीच्यांना. मला पुढच्या वर्षीचं आवतण त्यांच्या मनासारखं येऊ दे, सगळी मोठी अक्षरं आणि हवी तेवढी उद्गारचिन्हं. माझ्या दारातल्या वॉचमनला मी तात्यांचं पुरं नाव सांगून ठेवलं आहे.

तुझा,
मल्हार दादासाहेब